तीन रेघा

आमच्या घरात आजीचं आरशाचं टेबल आहे. मालाड पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका दुमजली इमारतीत, दोन खोल्यांच्या घरात ते जवळजवळ सत्तर वर्षं उभं होतं. इमारत पाडायला घेतली तेव्हा ते आमच्याबरोबर भाड्याच्या घरी गेलं, आणि आता सतराव्या मजल्यावर माझ्या कामाच्या खोलीत आलं आहे. मधोमध गोल आरसा, दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखे उतरत गेलेले खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आडव्या तीन रेघा. रेघा रंगवलेल्या नाहीत. गडद लाकडात फिकट लाकडाच्या पातळ पट्ट्या इतक्या चपखल बसवल्या आहेत की डोळे मिटून बोट फिरवलं तर पट्टी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळत नाही.

टेबलाचा डावा कोपरा काटकोनात न जाता गोल वळतो. लहानपणी मला वाटायचं, ते लाकूड झाडावरच तसं वाढलं असणार. पुढे पॉलिशला आलेल्या सुतारकाकांनी टेबल आडवं करून आतली बाजू दाखवली. बोटाएवढ्या रुंदीच्या उभ्या पट्ट्या एकीला एक लावून ते वळण साधलं होतं, वरून व्हिनिअरचा पापुद्रा चढवला होता आणि हे सगळं सरसाने धरून ठेवलं होतं. फेविकॉल बाजारात आलं १९५९ साली. त्याआधी सुतार सरस वापरत. जनावराची कातडी-हाडं उकळून केलेला हा गोंद पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून तापवायचा आणि गरम असतानाच हात चालवायचा. थंड झाला की संपलं. म्हणजे त्या वळणातली प्रत्येक पट्टी घाईने, पण न चुकता बसवलेली आहे. खण लाकडी पट्टीवर सरकतात. आजी दर दिवाळीला त्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासायची, आता मी घासते.

हे टेबल १९४४ साली, आजीच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत झालं. आजोबांनी सुताराला नमुना म्हणून कागदावर काही काढून दिलं नव्हतं. आजी सांगायची, ते एवढंच म्हणाले होते, “सिनेमातल्यासारखं करा.” सुताराने फक्त विचारलं, “बाईंची उंची किती?”

या पुस्तकाचं सगळं काम त्या दोन वाक्यांतून निघालं आहे. गेली काही वर्षं मी मालाड, कांदिवली, गोरेगाव इथल्या घरांत जाऊन जुन्या आणि नव्या वस्तू मोजते आहे, त्यांची रेखाचित्रं करते आहे. खुर्च्या, दिवाण, शोकेसी, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, दिव्यांच्या शेड्स, एक-दोन रेडिओची कपाटं. लोक विचारतात, घर सजवायला प्रेरणा कुठून घ्यावी? परदेशी मासिकातून, मॉलमधून, फोनवरच्या चित्रांतून? मला वाटतं, आपल्याकडे याचं उत्तर फार पूर्वी एकदा शोधलं गेलं होतं, आणि तेही माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

मुंबईच्या जडणघडणीत मालाडचा हात तसा जुनाच आहे. फोर्टातल्या कित्येक भव्य इमारतींना जो पिवळसर, मधाच्या रंगाचा दगड दिसतो, तो इथल्या खाणींतून गेलेला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत कुर्ल्याचा काळा दगड आणि मालाडचा पिवळा दगड शेजारी शेजारी आहेत. पण हा दगड बाहेर जाण्यासाठी होता. मालाड स्वतः गावठाणं, वाड्या, भातशेती आणि खाडी यांचं गाव राहिलं. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि शहर हळूहळू इकडे सरकायला लागलं.

१९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज उभी केली ती मालाडला, एफ. ई. दिनशॉ यांच्या बंगल्याच्या आवारात. बोलपटाला शांतता लागते. शहरापासून दूर, झाडाझाडोऱ्यातली ही जागा त्यासाठी नामी होती. कंपनी रीतसर समभाग विकून काढलेली, ध्वनी आणि प्रयोगशाळेची यंत्रं बाहेरून मागवलेली, आणि बरोबर आलेली माणसं बहुतेक जर्मन. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायालेखक योसेफ विर्शिंग आणि सेटची आखणी करणारे कार्ल फॉन श्प्रेटी. हे श्प्रेटी बव्हेरियातल्या सरदार घराण्यातले, शिक्षणाने वास्तुरचनाकार आणि वयाने तिशीच्या आतले. पुढे ते पश्चिम जर्मनीचे राजदूत झाले आणि १९७० साली ग्वाटेमालात त्यांचं अपहरण होऊन त्यांची हत्या झाली. इतकं मोठं, शेवटी इतकं दुःखद आयुष्य असलेला माणूस ऐन उमेदीत मालाडच्या उकाड्यात सुतारांच्या शेजारी उभा राहून दिवाणखाने मापत होता, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

१९३५च्या ‘जवानी की हवा’पासून इथले चित्रपट सुरू झाले. १९३६च्या ‘अछूत कन्या’तलं रेल्वेच्या फाटकाजवळचं खेडं सगळ्यांना माहीत आहे. मला इथे शहरी कथांमधल्या बैठकीच्या खोल्यांबद्दल बोलायचं आहे. विर्शिंग यांनी जपलेली त्या काळातली छायाचित्रं आता प्रदर्शनांतून आणि पुस्तकातून लोकांसमोर आली आहेत. ती पाहताना आधी देविका राणी दिसतात. मग नजर मागच्या भिंतीवर जाते. नक्षी नसलेली गुळगुळीत भिंत, गोल कोपऱ्यांचं फर्निचर, दिव्यांची साधी घाटदार तबकं, मोकळी जमीन. वेलबुट्टी, महिरपी, कोरीव पाय यांतलं काहीही नाही. खोली श्वास घेते आहे असं वाटतं.

इथे थोडं सेटच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण त्याचा आपल्या फर्निचरवर थेट परिणाम झाला असं माझं मत आहे. सेट म्हणजे तीन भिंती. चौथ्या बाजूला कॅमेरा. भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेला प्लाय किंवा ताणलेलं कापड, वर प्लास्टर, वर रंग. चित्रीकरण संपलं की सगळं मोडायचं आणि तेच लाकूड पुढच्या सेटला घ्यायचं. ही बांधणी स्वस्त आणि हलकी असावी लागते, आणि म्हणूनच तिला सपाट पृष्ठभाग आणि सरळ रेषा सोयीच्या पडतात. शिवाय पडदा कृष्णधवल. रंग दिसणारच नसेल तर आखणी करणाऱ्याने गडद आणि फिकट यांतच विचार करायचा. काळसर जमीन, पांढरी भिंत, मधे एखादी चकाकणारी कड. आजीच्या टेबलावरच्या तीन रेघा मला याच व्याकरणातल्या वाटतात. लाकडाचे दोन रंग, बाकी काही नाही. सुताराने पडद्यावर काळं-पांढरं पाहिलं आणि दुकानात शिसव आणि सागवान शोधलं.

१९३९ साली युद्ध सुरू झालं आणि ऑस्टेन व विर्शिंग यांना सरकारने स्थानबद्ध केलं. १९४० साली हिमांशू राय गेले. तरी स्टुडिओ थांबला नाही. हाताखाली तयार झालेल्या इथल्याच लोकांनी तो चालवला, आणि १९४३चा ‘किस्मत’ त्यांच्याच काळातला. मराठी प्रेक्षकाला मालाडशी जोडणारा धागाही याच वर्षांतला आहे. ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या ओळीने आलेल्या चित्रपटांत लीला चिटणीस होत्या, ‘पुनर्मिलन’मध्ये स्नेहप्रभा प्रधान. दोघींनीही पुढे मराठीत आत्मचरित्रं लिहिली. शिकलेली, स्वतःचं मत असलेली मराठी मुलगी पडद्यावर त्या मोकळ्या खोलीत वावरते आहे, हे सोलापूर-साताऱ्याच्या बायकांनी टुरिंग टॉकीजच्या तंबूत बसून पाहिलं. खोलीची हवा आणि त्या बाईची हवा एकच होती. माझ्या आजीला नेमकं काय हवं होतं, आरसा की ती हवा, हे तिला विचारायचं राहून गेलं.

त्याच सुमाराला पुण्यात प्रभातच्या ‘कुंकू’साठी फत्तेलालांनी एक घर उभं केलं होतं. १९३७ साल. ते घर जुनं, जड, अंधारलेलं. त्यातलं भिंतीवरचं घड्याळ एखाद्या पात्रासारखं वागतं. फत्तेलाल आणि दामले हे कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेले. वस्तूला बोलायला लावायची कला आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. मालाडला आली ती एक वेगळी भाषा, आणि वस्तूशी बोलायची सवय असल्यामुळे आपल्या लोकांनी ती पटकन उचलली.

त्याच दशकात आणखी एक तरुण जर्मन वास्तुरचनाकार आणखी एका मराठी घरात आधुनिक खोल्या रचत होता, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय मालाडची किंमत कळणार नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर आणि एकार्ट मुथेसियस यांची मैत्री जुळली ती ऑक्सफर्डला. १९३० ते १९३३ या काळात मुथेसियस यांनी महाराजांसाठी इंदुरात माणिक बाग राजवाडा सजवला. बाहेरून इमारत साधीच, आत मात्र त्या काळच्या युरोपातलं जे जे उत्तम ते सगळं. रुलमान यांचं लेखनटेबल, आयलीन ग्रे यांची खुर्ची, ल कॉर्बुझिए आणि शार्लोत पेरियां यांच्या मंडळींनी केलेली आडवं पडायची आरामखुर्ची, दा सिल्वा ब्रून्स यांचे गालिचे, प्युइफोरका यांची चांदीची भांडी. मुथेसियस यांनी स्वतः केलेल्या लाल खुर्च्यांत वाचनाचे दिवे खुर्चीतच बसवलेले होते. महाराणींचा आणि महाराजांचा पलंग काच आणि धातूचा. उन्हाळ्यासाठी वातानुकूलन. त्या घडीला जगात इतकं एकसंध आधुनिक घर क्वचितच कुठे असेल, आणि ते उभं होतं अहिल्याबाईंच्या घराण्यात, माळव्यात.

१९६१ साली यशवंतराव गेले. १९८० साली माँटे कार्लोला त्या वस्तूंचा लिलाव झाला आणि त्या जगभर पांगल्या. वास्तूत पुढे सरकारी कर खात्याचं कार्यालय आलं. २०१९ साली पॅरिसच्या सजावटकलेच्या संग्रहालयात यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा पुष्कळ वस्तू पुन्हा एका छताखाली आल्या, पण ते छत इंदूरचं नव्हतं.

माणिक बागेबद्दल मला अतोनात आदर आहे. महाराजांची नजर अस्सल होती. पण त्या दाराच्या आत किती जण गेले असतील? इंदूरच्या सुताराने त्या खुर्च्या पाहून आपल्या गिऱ्हाइकासाठी तशी एखादी केली असती तर आज त्या घाटाच्या खुर्च्या तिथल्या घराघरांत सापडल्या असत्या. मालाडचे दिवाणखाने प्लास्टरचे होते, पंधरवड्यात मोडले जायचे. तरी ते लाखो लोकांनी पाहिले, आणि त्यांतल्या काहींनी घरी जाऊन सुताराला बोलावलं. माणिक बागेतल्या वस्तू उरल्या, मालाडची नजर पसरली. या पुस्तकाला त्या पसरलेल्या नजरेचा शोध घ्यायचा आहे.

शहरातही त्याच वर्षांत हा बदल दगड-सिमेंटात उतरत होता. गजानन बाबूराव म्हात्रे हे आपले मराठी वास्तुरचनाकार, जे.जे.त आणि मग लंडनला शिकून आलेले. मरीन ड्राइव्हवरचं १९३७चं ‘सूना महल’ त्यांचं. त्याच्या गोल कोपऱ्यावरून फिरणाऱ्या पट्ट्या पाहा, म्हणजे आजीच्या टेबलाचा डावा कोपरा आठवेल. त्याच वर्षी टाउन हॉलमध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं आणि ते पाहायला लाखभर माणसं लोटली. रीगल, इरॉस, मेट्रो ही चित्रपटगृहंसुद्धा याच दशकातली. म्हणजे माणूस नव्या घाटाच्या इमारतीत बसून नव्या घाटाची खोली पडद्यावर पाहत होता. २०१८ साली दक्षिण मुंबईतल्या या इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. उपनगरातल्या त्यांच्या धाकट्या बहिणींची नोंद मात्र फारशी कुणी ठेवली नाही. मालाड-कांदिवलीच्या कितीतरी दुमजली इमारतींच्या फाटकांवर उगवत्या सूर्याची जाळी होती आणि गॅलरीच्या कठड्यावर त्याच तीन रेघा. मी पोचेपर्यंत त्यांतल्या बऱ्याच पडल्या होत्या.

लोखंडाचं थोडक्यात सांगते. जर्मनीत मार्सेल ब्रॉयर यांनी १९२५च्या सुमाराला सायकलच्या हँडलवरून सुचलेल्या नळ्यांच्या खुर्च्या केल्या, हे डिझाइनच्या प्रत्येक वर्गात शिकवतात. आपल्याकडे किर्लोस्करवाडीला लोखंडी फर्निचर होत असे, हे सहसा कुणी शिकवत नाही. गोदरेजने लोखंडी कपाटं करायला घेतली १९२३ साली. मराठी घरात ‘गोदरेजचं कपाट’ ही वस्तू राहिली नाही, तो शब्दच झाला. सपाट दार, आत आरसा, लांबट मूठ, अंगभर एकच रंग. इतकी निखळ आधुनिक वस्तू आपण दागिने, रेशनकार्ड आणि आजीच्या पैठणीसाठी वापरली आणि तिला कधी सजावट म्हटलं नाही. तिचं रेखाचित्र मी मुद्दाम पूर्ण पानभर दिलं आहे.

पण आपल्या घरातली सर्वांत मोठी उलथापालथ दिवाणखान्यात झाली नाही. ती झाली स्वयंपाकघरात. चूल जमिनीवर होती तोवर बाईचं अख्खं काम बसून. विळी, पाटा-वरवंटा, परात, सगळं जमिनीवर. मग ओटा आला. गॅस आला आणि बाई उभी राहिली. यामागे जगभर एक विचार चालू होता. १९२६ साली फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या बाईंनी स्वयंपाकघराचा एक नमुना केला. आगगाडीच्या डब्यातली चिंचोळी खानपानाची खोली पाहून त्यांनी बाईची पावलं मोजली, हात कुठवर पोचतो ते मोजलं आणि दोन मीटरपेक्षाही अरुंद जागेत सगळं बसवलं. असे सुमारे दहा हजार ओटे त्या शहरात लागले. आज मॉड्युलर किचन म्हणून जे विकलं जातं, त्याचं मूळ तिथे आहे.

आमच्या जुन्या घरातला ओटा कडाप्पाचा होता. काळा, कडेला बोटभर उंच पट्टी, एका टोकाला मोरी. उंची तीस इंच. नव्या घरात मॉड्युलर किचनवाल्यांनी सवयीने चौतीस इंचांचा ओटा आखून आणला. दिसायला सुरेख, पांढराशुभ्र. आई एकसष्ट इंचांची. पहिल्या आठवड्यात तिच्या खांद्यात चमक भरली, कारण पोळी लाटताना वरून जोर द्यावा लागतो, आणि पोळपाट चौतीस इंचांवर गेला की जोर दंडातून येतो, पाठीतून येत नाही. भाजी चिरायला, भांडी घासायला ती उंची ठीक. लाटायला नाही. शेवटी ओट्याच्या एका बाजूला, खणांच्या जागी, सहा इंच खाली एक बाहेर ओढायची फळी करून घेतली. आई आता तिथे लाटते. या फळीचं माप पुस्तकात आहे. मी इतकी वर्षं जे काम केलं त्यात मला सर्वांत समाधान देणारी वस्तू हीच, आणि तिच्यावर मूठसुद्धा नाही.

लिहोत्स्कीबाईंची नक्कल करायची तर हीच. त्यांचा ओटा जसाच्या तसा उचलणं ही त्यांची नक्कल नव्हे, आपल्या स्वयंपाकघरात आपल्या बाईची पावलं आणि कोपर मोजणं ही खरी नक्कल. आजोबांच्या सुताराने सिनेमातलं टेबल करताना आजीची उंची विचारली होती. आरसा तिच्या तोंडासमोर यावा म्हणून त्याने खालचा भाग बुटका ठेवला. मी समोर उभी राहते तेव्हा माझं कपाळ आरशाबाहेर जातं.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे फिरलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केलं ते लोट्याचं. कमरेवर कसा बसतो, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, घासायला हात आत जातो का, असे प्रश्न विचारून त्यांनी तो समजून घेतला. मी विद्यार्थ्यांना तोच प्रश्नसंच घेऊन दिवाणाकडे पाठवते. दिवाण ही मुंबईच्या लहान खोल्यांनी घडवलेली वस्तू. सहा फूट बाय अडीच फूट, खाली गाद्या-रजयांचं पोट, दिवसा बैठक, रात्री अंथरूण, पाहुणे आले की चार माणसांचा सोफा. आपल्या लोड-तक्क्याच्या बैठकीचं हे उंचावलेलं रूप. त्यावर मांडी घालून बसता येतं. परदेशी सोफ्यावर आपली माणसं दहा मिनिटांनी पाय वर घेतातच, आणि मग बैठक अपुरी पडते. त्यामुळे सोफा करायचाच असेल तर बैठक पुढून मागे दोन-तीन इंच वाढवा आणि हात बुटके ठेवा, एवढं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते.

बाहेरून आलेली वस्तू आपली होते याचं सर्वांत चांगलं उदाहरण इराण्याच्या हॉटेलात आहे. वाफेवर वाकवलेल्या लाकडाची ती काळी खुर्ची मुळात मिखाएल थोनेट यांची, १८५९ची, चौदा नंबरची. सहा तुकडे आणि मोजके स्क्रू. एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या सुट्या करून पाठवता येत. व्हिएन्नाच्या कॉफीगृहांतली ती खुर्ची, तिच्या घाटाच्या खुर्च्या मुंबईत आल्या आणि संगमरवरी टेबलाशी, बनमस्क्याशी त्यांचं असं नातं जुळलं की ती परकी आहे हे कुणाला सांगूनही पटत नाही. उलट उदाहरण चंडीगढचं. पिएर जान्नरे यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या केल्या. वापरून झिजल्यावर त्या गच्च्यांवर, आवारांत ढिगाने पडल्या आणि भंगाराच्या भावाने गेल्या. युरोपच्या लिलावांत त्यांना लाखांचे भाव आले तेव्हा आपल्याला जाग आली.

मालाडमध्ये आज हाच ढीग माझ्या डोळ्यांसमोर लागतो आहे. इमारत रीडेव्हलपमेंटला गेली की घर रिकामं करायला मुदत मिळते. भाड्याचं घर लहान असतं. आधी जातं ते मोठं, जड, जुन्या लाकडाचं. भंगारवाला किलोच्या हिशेबाने बोलतो. थोडं फार नशीब असलेलं ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पोचतं, तिथे चित्रपटांच्या सेटवरून उतरलेल्या सामानाशेजारी उभं राहतं, आणि कधी कधी पुन्हा सेटवरच जातं. नव्या घरात मग सगळं एका दमात केलं जातं. टीव्हीच्या मागे भिंतभर पॅनल, फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेली एलईडीची पट्टी, चकचकीत लॅमिनेट. चित्र फोनवरून आलेलं असतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. आजोबांचं चित्रही पडद्यावरूनच आलं होतं. मला वाईट वाटतं ते सुताराला कुणी काही विचारू देत नाही याचं. उत्तर प्रदेशातून, राजस्थानातून आलेली इतकी कुशल माणसं लिफ्टबाहेर बसून प्लाय कापत असतात. त्यांना एक चित्र आणि एक तारीख मिळते. घरातल्या कुणाची उंची त्यांना माहीत नसते.

बॉम्बे टॉकीज १९५४ साली बंद पडली. ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ हा पत्ता मात्र अजून चालतो. आत गाळे आहेत, लहान कारखाने आहेत, हातगाड्या आहेत, पत्र्यांच्या मधून जुन्या वास्तूचे मोडके अवशेष दिसतात. हे पुस्तक लिहिताना मी तिथे अनेकदा गेले. एका गाळ्यात लाकडाचं काम चालू होतं. कारागीर साठीचे होते, दारासाठी पट्ट्या तासत होते. मी त्यांना आजीच्या टेबलाचा फोटो दाखवला. त्यांनी चश्मा कपाळावर घेतला, फोटो मोठा केला आणि तीन रेघांवर अंगठा ठेवून म्हणाले, “ये पेंट नहीं है. ये बिठाया हुआ है.” मग त्यांनी हातातल्या पट्टीचा एक तुकडा कापला, त्यात करवतीने खाच मारली, दुसऱ्या लाकडाची चिपळी तासून त्या खाचेत दाबली आणि हातोडीने हलकेच ठोकली. चार मिनिटांत एक रेघ तयार झाली. तो तुकडा आता माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे.

पुढच्या पानापासून रेखाचित्रं सुरू होतात. पहिलं त्याच आरशाच्या टेबलाचं आहे. प्रत्येक वस्तूखाली ती कुणासाठी केली, त्या माणसाची उंची किती, आणि खोली केवढी होती, हे जिथे कळलं तिथे दिलं आहे. मापं इंचांत आणि सुतांत ठेवली आहेत, कारण ज्यांनी या वस्तू केल्या ते इंच आणि सुतांतच बोलत असत. ज्यांना करून पाहायचं आहे त्यांनी चित्रावर सरळ पेन्सिल चालवावी. कडेला जागा मुद्दाम कोरी सोडली आहे, तिथे आपल्या घरातल्या माणसाचं माप लिहावं.